मामा, अट तुझीच होती

मामा,

परवा तुझी तेरवी झाली आणि काल दुपारच्या बसने आम्ही अकोल्याहून अमरावतीला परत आलो. बसमध्ये आई खिडकीशी आणि मी तिच्या शेजारी. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. तेरा दिवसांत मी तिला इतकं बोलले होते की आता बोलायला काही शिल्लकच नव्हतं. तू आजारी आहेस हे तिला चार महिने माहीत होतं. मला ते कळलं तेव्हा मी जर्मनीत प्रबंध जमा करून नुकतीच खोलीवर आले होते. बाबांचा फोन आला, "मामाची तब्येत बरी नाही, निघून ये." मी विमानात असतानाच तू गेलास.

तेव्हापासून मी सगळ्यांवर चिडलेली आहे. आईवर, बाबांवर, मामीवर, तुझ्या खोलीतल्या औषधांच्या पिशव्यांवरसुद्धा. पण खरं भांडण तुझ्याशी आहे आणि तू तर हातचा निसटलास. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तू आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, माझ्याहून पंधराच वर्षांनी मोठा. आई तुला 'तू' म्हणायची म्हणून मीही लहानपणापासून 'तू'च म्हणत आले, आणि तू मला 'बाई'. मामीला आणि तुला मूल झालं नाही, त्यामुळे दर उन्हाळ्यात मी अकोल्याला तुमच्याकडे आणि माझे सगळे हट्ट तुझ्याकडे, असंच चालायचं. बाजार समितीत तू मापारी. शेतकऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा, वजन मोठ्यानं सांगायचं, चिठ्ठी लिहायची. व्यापाऱ्यानं काट्याला हात लावला तर तू त्याला सगळ्यांसमोर झापायचास. "काट्यावर मी हावो, तुमी बाजूले सरका," हे तुझं वाक्य मी दहा वर्षांची असताना पाठ केलं होतं आणि शाळेत वापरून मारही खाल्ला होता.

अशा माणसानं माझ्या सामानाचं वजन चुकवावं, हे मी अजून विसरलेली नाही. विमानात एका पेटीला तेवीस किलोची मर्यादा होती. घरी काटा नाही म्हणून जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही पेट्या तुझ्याकडे बाजारात आणल्या. तू पहिली पेटी ठेवलीस, मोजणीत 'एक' न म्हणता मापाऱ्याच्या सवयीनं "लाभ" म्हणालास, मग दुसरी ठेवलीस. दोन्ही वेळा ठासून सांगितलंस, "तेवीस. बरोब्बर." काट्याचा आकडा आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही. तू सांगितल्यावर आकडा कशाला बघायचा? मुंबईच्या विमानतळावर दोन्ही पेट्या चोवीस-चोवीस किलो भरल्या. मागे रांग लागलेली आणि मी जमिनीवर पेट्या उघडून बसलेली. मामीनं दिलेली जवसाची चटणी पाठीवरच्या पिशवीत कोंबली, तुरीची डाळ कोटाच्या खिशात भरली, मुंबईच्या उकाड्यात दोन स्वेटर एकावर एक चढवले.

आत गेल्यावर तुला फोन करून भांडले. तू मनापासून आश्चर्यानं म्हणालास, "अवं बाई, पेटीचंई वजन धरते काय थे? आमी तं बारदाना कापून सांगतो बाप्पा!" रोज पोत्याचं वजन वजा करणाऱ्या माणसानं माझ्या पेटीचंही किलोभर वजन वजा केलं होतं. मी स्वेटरांत घामानं थबथबलेली, तरी इतकी हसले की शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

आणि ती अट. पेट्या मोजून झाल्यावर बाबा रिक्षा बघायला गेले होते आणि आई मामीशी बोलत होती. तू मला शेडच्या खांबाजवळ बोलावलंस. हर्रासाची बोली नुकतीच संपली होती, हमाल हात-पाय धूत होते. तू म्हणालास, "तुह्या माय-बापाले काय सांगायचं थे सांग. मस्त हाय म्हन, बर्फ पडून राहिला म्हन. पन मले लपवू नोको. मी इचारलं तं खरं सांगाचं. तू इचारलं तं मीई खरंच सांगीन. आन न इचारता कोनी कोनाले तरास द्याचा नाही. जमते?"

मी म्हटलं, "जमते." तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

दुसऱ्या दिवशी अकोला स्टेशनवर तू वाकून माझ्या पाया पडलास. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो हे काही नवीन नव्हतं, सणावाराला तू पडायचासच. पण भर फलाटावर, जीन्स घातलेल्या पोरीच्या बुटांना हात लावून तू पाया पडलास. समोरचं एक कुटुंब जेवण थांबवून बघायला लागलं. मला लाजेनं मेल्यासारखं झालं आणि मी तुला दटावलं, "मामा, पुरे ना!" गाडी हलल्यावर फार रडू आलं.

तिकडे गेल्यावर महिनाभरातच मला कळलं की घरी खरं सांगणारा विद्यार्थी जवळजवळ नसतोच. आमच्या वसतिगृहात आपल्याकडची चार-पाच मुलंमुली होती. रविवारी सगळ्यांचे फोन एकाच वेळी चालायचे आणि सगळ्यांच्या तोंडी तीच वाक्यं. जेवण चांगलं आहे, मित्र झाले, थंडीची सवय झाली. फोन ठेवला की जो तो आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. माझा कुकर शिट्टी द्यायला लागला की शेजारची मुलगी घाबरून बाहेर येऊन बघायची, म्हणून मी कुकर लावणंच सोडलं होतं आणि पातेल्यात डाळ शिजवत होते. दीड तास गॅसवर ठेवली तरी ती टणक. हे मी तुला सांगितलं तर तू अकोल्याच्या डाळीचा अपमान झाल्यासारखा उसळलास. मी अन्नतंत्रज्ञान शिकणारी, मी तुला समजावून सांगितलं की इथलं पाणी जड आहे, त्यात चुना जास्त, म्हणून डाळ शिजत नाही. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "पान्याले कायले नावं ठेवते? डाळ जुनी असन. कोन्या दुकानातून घेतली तुह्या बापानं?" दोन वर्षं आपण यावर भांडलो. तुझा शेवटपर्यंत बाबांच्या दुकानदारावरच संशय होता. मला हे भांडण मिटवायचं नव्हतंच.

पहिल्या वर्षी एका विषयात मी नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास. तिथला नियम असा की तिसऱ्यांदा नापास झालं की अभ्यासक्रमातूनच नाव कमी होतं आणि तो विषय त्या देशात दुसरीकडेही शिकता येत नाही. घरी मी सांगत होते की निकाल उशिरा लागतात. आई कुणाकुणाला अभिमानानं सांगत होती, "आमची जर्मनीले हाय." आणि एका दुपारी तू फोनवर सरळ विचारलंस, "पास झाली काय वं?"

अट होती. मी सांगितलं.

तू काय बोलशील याची मी वाट बघत होते. मागे कुणीतरी पोती मोजत होतं, त्याचा आवाज येत होता. मग तू म्हणालास, "मंग आता तिसऱ्या खेपेले बस. झाली पास तं बात खतम. नाही झाली तं सांग, मी बडनेऱ्याले घ्याले येतो. कोनी इचारलं तं सांगू, पोरीले तिकडची भाजी पटली नाही." मी रडत रडत हसले. त्यानंतर दोन महिने तू हर्रास सुरू व्हायच्या आधी, तुझ्या सकाळी दहा वाजता, मला फोन करून उठवायचास. माझ्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असायचे, बाहेर काळोख. तू फक्त "उठली?" विचारायचास. मी "हो" म्हणायचे. कधी खोटं "हो" म्हणावंसं वाटायचं, पण मग उठूनच बसायचे.

तिसऱ्या वेळी मी पास झाले. तू बाजारभर पेढे वाटलेस आणि कुणी कारण विचारलं तर भाचीचा वाढदिवस आहे म्हणून ठोकून दिलंस. बाकीच्यांशी खोटं बोलायला तुला मुळीच संकोच नव्हता. माझ्या नापासाची गोष्ट तू आईलासुद्धा सांगितली नाहीस. तुझ्या सख्ख्या बहिणीपासून तू माझी अब्रू राखलीस. मामा, त्या वर्षी तू नसतास तर मी परत आले असते आणि जन्मभर त्या भाजीलाच दोष देत बसले असते.

मग माझा प्रबंध सुरू झाला आणि तुझं दुखणं. आधी तुला कावीळ म्हणून औषध दिलं, पुढे नागपूरला नेल्यावर कळलं की कावीळ नाही, पोटात गाठ आहे. हे सगळं मला आता समजतंय. तेव्हा एवढंच कळत होतं की तुझे फोन कमी झाले होते. केले तरी नुसता आवाज. "कॅमेरा बिघडला वं," तू म्हणायचास. मी म्हणायचे, नवा घे ना. तू म्हणायचास, घेतो. मी विचारायचे, कसा आहेस, ते सगळे विचारतात तसं, उत्तराची वाट न बघता. आणि तू म्हणायचास, "टकाटक." तसल्या विचारण्याला आपण दोघंही विचारणं धरत नव्हतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

प्रबंध जमा करायला पाच आठवडे होते. रविवार होता. मामीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन भिंतीला टेकवला होता आणि तू चालू कॅमेऱ्यासमोर येऊन बसलास, बहुधा तुला ते कळलंच नाही. तू केसांवरून हात फिरवलास. तुझ्या मनगटावरचं घड्याळ सरकत कोपरापर्यंत गेलं. तुझ्या शर्टाची कॉलर मानेपासून लांब उभी होती. तुझे डोळे पिवळे होते. मी सगळं पाहिलं. तूही मग पडद्यावर स्वतःला पाहिलंस आणि तुझा चेहरा असा झाला की आता ही विचारणार.

मी म्हटलं, "मामी कुठं आहे?"

तू म्हणालास, "सयपाकघरात." मी म्हटलं, "बरं, तिला सांग मी नंतर करते. काम पडलंय." तू घाईघाईनं म्हणालास, "हो हो, ठेव, ठेव."

मी ठेवला. त्यानंतर पाच आठवडे मी तुला फक्त मेसेज पाठवले. फुलांचे, बर्फाचे, एकदा बदकांचे.

मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मला यावं लागलं असतं. तीन वेळा परीक्षा देऊन कशीबशी वाचवलेली पदवी माझ्यासमोर होती आणि मी मनाशी ठरवलं की असेल कावीळ, पाच आठवड्यांत काय होतं? तू अट पाळत होतास. न विचारता त्रास द्यायचा नाही. मी त्या अटीच्या आड लपून बसले.

सगळ्यात वाईट हे की पाच आठवडे वाचवायची गरजच नव्हती. तू गेल्यावर मी प्राध्यापकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की हे आधी सांगितलं असतंस तर तीन महिने मुदत वाढवून दिली असती, एक पानाचा अर्ज लागतो. तो अर्ज मी पाहिलेला होता, मामा. मला ठाऊक होतं. तुम्ही सगळे अकोल्यात आणि अमरावतीत समजत होतात की पोरीची परीक्षा आहे, म्हणजे बोर्डाच्या पेपरासारखी, ती काही आपल्यासाठी थांबत नाही. मला कळवायचं नाही अशी शपथ तू आईला घातलीस ती त्यासाठीच. आणि मी तुम्हाला कधी सांगितलं नाही की ती थांबते. 'माझी परीक्षा आहे' म्हटलं की घरातले सगळे हळू बोलतात, हे मला दहावीपासून आवडत आलंय.

मी अकोल्याला पोचले तेव्हा तुझा फोटो पाटावर ठेवला होता. मी वाकले तर एक म्हातारी म्हणाली, "भाचीनं मामाच्या पाया पडू नये वं." मामी म्हणाली, "पडू द्या तिले." मी पडले, आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हाही मला वाटत होतं की मी फसवली गेलेली आहे आणि तो माझा हक्क आहे. त्याच संध्याकाळी मी आईवर ओरडले, की तू मला परक्यासारखी बाहेर ठेवलीस, तुझ्यामुळे मला माझा मामा शेवटचा भेटला नाही. आई म्हणाली, "त्यानं शपथ घातली होती." मी म्हटलं, खड्ड्यात गेली शपथ. पाहुण्यांसमोर. ती उठून आत गेली. रोज मी काही ना काही काढून तिला बोलत राहिले आणि ती रोज ऐकत राहिली.

पाचव्या-सहाव्या दिवशी मामी आणि मी मेथी निवडत बसलो होतो. मामी आपणहून बोलायला लागली. "तुहा फोन आला का हे घाबरत. म्हने, थे इचारते आता. त्या रविवारी तं कॅमेराच चालू होता. तू फोन ठेवला आन हे खाटेवर पडले, म्हने, वाचलो बाप्पा." मामी हे हसत सांगत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मेथीची पानं खुडत राहिले. तू वाचलास असं तुला वाटलं. मलाही त्या दिवशी फोन ठेवताना अगदी तसंच वाटलं होतं.

मी मामीला काही सांगितलं नाही. तिथून निघेपर्यंत कुणालाच नाही. आईनं माझ्यापासून लपवलं, आईमुळे माझी भेट चुकली, हे आता सगळ्या नातेवाइकांत ठरून गेलं होतं. काल निघताना तुझ्या चुलतभावानंही तिला ऐकवलं, "ताई, पोरीले सांगाले पाह्यजे होतं तुवा." आईनं मान हलवली. मी पिशवी उचलून बसमध्ये चढले.

आज सकाळी मात्र राहवलं नाही. आई चहा गाळत होती. मी ओट्याशी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. रविवार, घड्याळ, पिवळे डोळे, मामी कुठं आहे, आणि तो एक पानाचा अर्जही. आईनं चहा गाळून पूर्ण केला. दोन्ही कप भरले. मग म्हणाली, "मले मालूम हाय."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"तू दर वेळी पह्यले इचारत होती, मामा कसा हाय. त्या रविवारपासून तुवा इचारनं सोडलं. मी माय हावो तुही. मले समजते."

मी खाली फरशीवर बसले. म्हटलं, "मग तेरा दिवस मला बोलू का दिलंस? एकदा तरी म्हणायचं होतंस."

आई माझ्यासमोर खाली बसली. कप माझ्या हातात दिला. म्हणाली, "कोनावर तं चिडाच होतं तुले. स्वतावर चिडली असती तं तिकडं एकटी कशी राह्यली असती? मी इथंच हावो, मले काय होते."

नंतर आम्ही दोघी तुझ्यासाठी रडलो. इतके दिवस ती एकदाही रडली नव्हती, माझं ऐकून घेण्यातच तिचे दिवस गेले. तिचा भाऊ गेला होता मामा, आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पंधरा दिवसांनी मी परत जाणार आहे, प्रबंधाची तोंडी परीक्षा बाकी आहे. जाण्याआधी आईला घेऊन अकोल्याला येईन. मामीला आणि तुझ्या त्या चुलतभावाला, सगळ्यांसमोर सांगेन की आईची चूक नव्हती, मी पाहिलं होतं. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. तुला मात्र हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगितलं.

तुझी,
बाई